नीटपलीकडची एक वाट: मेंदूचे संशोधन

बारावी सायन्सच्या मुलांच्या घरात नीट आणि जेईई सोडून तिसरे नाव सहसा निघत नाही. नीट हुकली की मुलगी नाउमेद होते आणि घरात स्थळांची चर्चा सुरू होते. अशा घरांनी कॉग्निटिव्ह न्यूरोसायन्सचे नाव ऐकायला हवे. आपण लक्ष कसे देतो, आठवण कशी राहते, भाषा कशी शिकतो आणि त्या वेळी मेंदूत काय घडते, याचा हा अभ्यास.

हैदराबादेत डॉ. सुवर्णा अल्लादी आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या 648 रुग्णांची माहिती तपासली. तिथे एकाच माणसाच्या तोंडी तेलुगू, दखनी, हिंदी असते. 2013 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत आजाराची सुरुवात सुमारे साडेचार वर्षे उशिरा झाली होती. निरक्षरांतही हा फरक दिसला. तज्ज्ञांत यावर अजून वाद आहे. पण ‘घरी उर्दू, शाळेत मराठी, पोराचा गोंधळ होणारच’ असे म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या कानावर हे घालावे.

अशा संशोधनात रिसर्च असोसिएट हे पद असते. आपल्याकडे ते साधारणपणे पीएचडीनंतर मिळते. सुरुवात मानसशास्त्र, जीवशास्त्र किंवा इंजिनिअरिंगच्या पदवीने करता येते, म्हणजे आर्ट्‌सच्या मुलीलाही दार बंद नाही. अलाहाबाद विद्यापीठ आणि गांधीनगरची आयआयटी येथे या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. पुढे नेट. जेआरएफ मिळाली तर दरमहा 37,000 रुपये. यूजीसीच्या जेआरएफला वयाची अट 30, मुलींना 5 वर्षांची सूट. पूर्वी आपल्या मुलांना मौलाना आझाद फेलोशिपचा आधार होता. केंद्र सरकारने ती 2022-23 पासून बंद केली. म्हणून पदव्युत्तरच्या शेवटच्या वर्षाची वाट न पाहता नेटची तयारी आधीपासूनच हवी.

पीएचडीला पाच वर्षे धरा. त्यानंतर केंद्राच्या 2023 च्या दरांनुसार असोसिएटला 58,000 ते 67,000 रुपये आणि घरभाडे. मात्र प्रकल्प संपला की पदही संपते. लग्नाची बोलणी करताना हे आधीच स्पष्ट सांगितलेले बरे.

काम कसे असते? ईईजीसाठी इलेक्ट्रोडची टोपी घालायची, केसांत जेल लावायचे, पडद्यावर चित्रे किंवा शब्द दाखवायचे आणि मग महिनोन्‌महिने आकडे तपासायचे. टोपी घालताना सहभागी बाईला ओढणी काढावी लागते. समोर पुरुष संशोधक असेल तर आपल्या कित्येक बायका नकारच देतील आणि अभ्यासातून वगळल्या जातील. आपल्या मुली या क्षेत्रात हव्यात, त्याचे मला हे एक मोठे कारण वाटते.

संख्याशास्त्र आणि पायथन यांना इथे पर्याय नाही. पायथन मोफत आहे, बारावीच्या सुट्टीतही सुरू करता येते. सायन्स किंवा इंजिनिअरिंगची पदवी घेत असताना देशातील तीन विज्ञान अकादम्यांच्या उन्हाळी संशोधन योजनेत अर्ज करावा. निवड झाली तर दोन महिने प्रयोगशाळेत काम आणि विद्यावेतनही मिळते. पाच वर्षांच्या पीएचडीचा निर्णय त्यानंतर घ्यावा.