टाउंगडॉचा खंदक

१२-१३ मे १९४५ च्या रात्री ब्रह्मदेशात, इरावतीच्या पश्चिम तीरावरील टाउंगडॉ येथे रायफलमन लछिमन गुरुंग एका हाताने लढले. या झुंजीबद्दल त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. रंगून ३ मे रोजीच दोस्तांच्या हाती आले होते आणि ८ मे रोजी युरोपातले युद्धही संपले होते. आराकानकडून माघार घेणाऱ्या जपानी तुकड्यांना मात्र इरावती गाठायची होती, आणि ८ व्या गोरखा रायफल्सच्या चौथ्या बटालियनच्या दोन कंपन्या त्यांची वाट अडवून बसल्या होत्या.

गुरुंग मूळचे नेपाळच्या तनहूँ जिल्ह्यातले, जन्म ३० डिसेंबर १९१७ चा. उंची जेमतेम ४ फूट ११ इंच. शांततेच्या काळात भरतीच्या मापातच ते बाद झाले असते. १९४० मध्ये पलटणींना माणसे हवी होती, म्हणून घेतले गेले.

त्यांचा खंदक प्लाटूनच्या अगदी पुढच्या टोकाला होता. रात्री जंगलात शत्रू दिसतो तोच हातबॉम्ब टाकण्याच्या टप्प्यात आल्यावर, त्यामुळे पहिला तडाखा अशाच चौकीला बसतो. पहाटे एकच्या सुमारास किमान २०० जपान्यांनी हल्ला चढवला. पहिला हातबॉम्ब खंदकाच्या कडेवर पडला. गुरुंग यांनी तो उचलून परत भिरकावला. दुसरा खंदकातच पडला, तोही परत गेला. जपानी हातबॉम्बला फुटायला चारपाच सेकंद लागत, तेवढीच काय ती सवड. तिसरा त्यांच्या हातातच फुटला. उजव्या हाताची बोटे उडाली, हाताच्या हाडांचा चुरा झाला, चेहरा आणि उजवा पाय फाटला. सोबतचे दोघेही जबर जखमी होऊन पडले.

त्यानंतर चार तास गुरुंग डाव्या हाताने रायफल भरत आणि झाडत राहिले. हे वाचायला सोपे वाटते. गोरख्यांच्या ली-एनफिल्ड रायफलच्या बोल्टचा दांडा उजव्या बाजूला असतो. तो प्रत्येक गोळीनंतर वर उचलून मागे ओढायचा, पुढे ढकलून खाली दाबायचा. धडधाकट माणूस हे उजव्या हाताने करतो आणि डाव्याने रायफल तोलतो. इथे दोन्ही कामे एकट्या डाव्या हाताकडे आली होती. म्हणूनच त्यांनी प्रत्येक लाटेला अगदी जवळ येऊ दिले आणि मगच गोळी झाडली, ही नोंद महत्त्वाची ठरते. दुरून मारलेली आणि चुकलेली गोळी त्यांना परवडणारी नव्हती.

सकाळी कंपनीच्या आसपास ८७ जपानी मृतदेह मोजले गेले. त्यांपैकी ३१ गुरुंग यांच्या सेक्शनसमोर होते. पुढे लोकप्रिय लेखनात ‘एकट्याने ३१ मारले’ असे रूढ झाले. अधिकृत प्रशस्तिपत्र इतके पुढे जात नाही. त्याचा भर वेगळ्या गोष्टीवर आहे: ही चौकी साऱ्या मोर्च्याची किल्ली होती, ती पडली असती तर मागची फळी उघडी पडली असती. वेढलेली कंपनी त्यानंतरही तग धरून राहिली, एकूण तीन दिवस आणि दोन रात्री. आकड्यापेक्षा हा हिशेब अधिक भक्कम आहे.

गुरुंग यांचा उजवा हात निकामी झाला आणि उजवा डोळा गेला. डिसेंबर १९४५ मध्ये दिल्लीच्या लाल किल्ल्यात व्हाइसरॉय वेव्हेल यांच्या हस्ते त्यांना पदक देण्यात आले. १९४७ मध्ये ८ वी गोरखा रायफल्स भारतीय सैन्याकडे आली, तेव्हा गुरुंगही तिच्याबरोबर भारतीय सेवेत राहिले. निवृत्तीनंतर ते नेपाळला परतले, अखेरच्या वर्षांत इंग्लंडला गेले आणि १२ डिसेंबर २०१० रोजी वारले.