नॉडिंग हेड्स गेम्स

नॉडिंग हेड्स गेम्स ही पुणे येथील व्हिडिओ गेम विकसित करणारी स्वतंत्र कंपनी आहे. श्रुती घोष, अविचल सिंग आणि इयन मॉड या तिघांनी २०१७ मध्ये तिची स्थापना केली. 'राजी: ॲन एन्शंट एपिक' (यापुढे 'राजी') हा पुराणकथांवर आधारलेला साहसी खेळ ही कंपनीची पहिली आणि सर्वाधिक परिचित निर्मिती होय. हा खेळ १८ ऑगस्ट २०२० रोजी जपानच्या निन्टेन्डो कंपनीच्या 'स्विच' या कन्सोलवर प्रथम प्रकाशित झाला. त्याच वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स' या आंतरराष्ट्रीय पुरस्कारांत उत्कृष्ट पदार्पणाच्या गटात त्याला नामांकन मिळाले.

पार्श्वभूमी

कन्सोलवरील खेळांचा इतिहास प्रामुख्याने जपानी कंपन्यांनी घडवला. निन्टेन्डो ही त्यांतील सर्वांत जुनी कंपनी. फुसाजिरो यामाउची यांनी १८८९ मध्ये क्योतो शहरात 'हानाफुदा' या पत्त्यांच्या उत्पादनासाठी ती काढली. १९८३ मध्ये तिने 'फॅमिकॉम' हा घरगुती कन्सोल जपानी बाजारात आणला. भारतातील मध्यमवर्गीय घरांत हे यंत्र पोहोचले ते बहुतांशी नकलांच्या रूपाने. नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातील लहानमोठ्या शहरांत 'व्हिडिओ गेम' या नावाने विकली जाणारी, दूरचित्रवाणी संचाला जोडायची आणि 'कॅसेट' घालून चालवायची यंत्रे ही फॅमिकॉमचीच अनुकरणे होती. 'मारिओ', 'कॉन्ट्रा', 'डक हंट' ही नावे त्या पिढीच्या तोंडी बसली, तरी ती बनवणाऱ्या कंपन्यांची नावे फारशी कोणाला ठाऊक नव्हती. पुढे सोनीच्या प्लेस्टेशन २ ची भारतात अधिकृत विक्री झाली. निन्टेन्डोचे यंत्र मात्र येथील सामान्य ग्राहकाच्या आवाक्याबाहेरच राहिले.

भारतात खेळांची निर्मिती होत नव्हती असे नाही. मुंबईत १९९९ मध्ये विशाल गोंडल यांनी 'इंडियागेम्स' ही कंपनी स्थापन केली. मोबाइलवरील खेळांच्या व्यवसायात ती अग्रेसर ठरली आणि पुढे डिस्नेने ती विकत घेतली. पुण्यात गेमलॉफ्ट या फ्रेंच कंपनीचा स्टुडिओ होता. २००८ मध्ये तो युबिसॉफ्टकडे गेला. अशा स्टुडिओंमधून चित्रकार, ॲनिमेटर, आज्ञावलीकार आणि चाचणीकार यांची मोठी फळी तयार झाली. परंतु त्यांच्या हातून घडणारे काम बहुधा परदेशात कल्पिलेल्या खेळांचे असे. खेळाची मूळ संकल्पना, पात्रे आणि हक्क आपल्याकडे असणे ही गोष्ट दुर्मीळ होती.

भारतीय विषयांवरील कन्सोल खेळांचे काही प्रयत्न त्याआधी झाले होते. हैदराबादच्या ऑरोना टेक्नॉलॉजीज या कंपनीने तयार केलेला 'हनुमान: बॉय वॉरियर' २००९ मध्ये प्लेस्टेशन २ साठी प्रसिद्ध झाला. मात्र हे खेळ मुख्यतः देशांतर्गत बाजारासाठी होते आणि देशाबाहेर त्यांची विशेष दखल घेतली गेली नाही.

स्थापना आणि निधीचा प्रश्न

कंपनी स्थापन झाली तेव्हा भारतातील खेळांचा बाजार वेगाने मोबाइलकडे वळत होता. २०१६ नंतर मोबाइल इंटरनेट स्वस्त झाले आणि विनामूल्य मिळणारे, जाहिरातींवर किंवा खेळांतर्गत खरेदीवर चालणारे खेळ गुंतवणूकदारांना आकर्षित करू लागले. कन्सोलची स्थिती याच्या उलट होती. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू झाला तेव्हा व्हिडिओ गेम कन्सोल २८ टक्के कराच्या गटात होते. डिसेंबर २०१८ मधील जीएसटी परिषदेच्या बैठकीत हा दर १८ टक्क्यांवर आणण्याचा निर्णय झाला. ज्या खेळासाठी ग्राहकाने आधी महागडे यंत्र किंवा सक्षम संगणक घ्यावा लागतो आणि मग खेळाचीही किंमत मोजावी लागते, अशा खेळात पैसे गुंतवण्यास देशात कोणी सहज तयार नव्हते. नॉडिंग हेड्सने नेमका हाच मार्ग निवडला.

२०१७ मध्ये कंपनीने 'किकस्टार्टर' या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर 'राजी'साठी मोहीम उघडली आणि खेळून पाहता येईल असा छोटा नमुनाही उपलब्ध केला. किकस्टार्टरचा नियम सर्व किंवा काहीच नाही असा असतो. ठरवलेली रक्कम मुदतीत जमली नाही, तर वर्गणीदारांनी कबूल केलेला एकही पैसा निर्मात्याला मिळत नाही. 'राजी'ची मोहीम उद्दिष्ट गाठू शकली नाही. नमुना खेळलेल्यांच्या प्रतिक्रिया उत्साहवर्धक होत्या, पण हाती निधी आला नाही.

यानंतरचा काळ कंपनीसाठी सर्वांत कठीण होता. संस्थापकांनी स्वतःची बचत खर्ची घातली. त्यांपैकी एकाने काम चालू ठेवण्यासाठी आपली सदनिका विकल्याचे पुढे मुलाखतींतून समोर आले. 'अनरील इंजिन' हे खेळनिर्मितीचे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एपिक गेम्सकडून 'अनरील डेव्ह ग्रँट' हे अनुदान मिळाले. या अनुदानाच्या बदल्यात निर्मात्याला मालकीहक्क सोडावा लागत नाही, त्यामुळे लहान स्टुडिओंना त्याचे मोल रकमेपेक्षा अधिक असते. पुढे सुपर डॉट कॉम ही प्रकाशक कंपनी पाठीशी उभी राहिली आणि खेळ पूर्णत्वास गेला.

'राजी'चे कथानक आणि रचना

देव आणि असुर यांच्यातील प्राचीन युद्धानंतर दीर्घ शांततेचा काळ लोटला आहे आणि मानवांना त्या संघर्षाचा विसर पडला आहे. अशा वेळी असुर पुन्हा आक्रमण करून नगरांतील मुलांना पळवून नेतात. खेळ दाखवून पोट भरणारी राजी ही अनाथ मुलगी आणि तिचा धाकटा भाऊ गोलू यांची त्यात ताटातूट होते. महाबलासुर या असुराधिपतीच्या तावडीतून गोलूला सोडवण्यासाठी राजीने केलेला प्रवास म्हणजे या खेळाचे कथानक. दुर्गा तिला त्रिशूळ देते आणि पुढे विष्णूचे शार्ङ्ग धनुष्य तिच्या हाती येते. कथेचे निवेदन दुर्गा आणि विष्णू यांच्या संवादातून होते. राजी काय करते आहे, ती टिकेल का, देवांनी हस्तक्षेप करावा का, यावर हे दोघे बोलत राहतात. प्रवासात भिंतींवर कोरलेली व रंगवलेली दृश्ये आढळतात आणि त्यांच्याजवळ थांबल्यास संबंधित पुराणकथा ऐकायला मिळते.

राजी कसरतपटू असल्याने तिची हालचाल तशीच योजलेली आहे. ती भिंतीवरून धावते, खांबाभोवती गिरकी घेऊन शत्रूंवर झेपावते, कड्यांवरून उड्या मारते. अग्नी, वीज आणि हिम यांच्या शक्ती तिच्या शस्त्रांना जोडता येतात. लढायांच्या मधोमध कोडी येतात. त्यांतील काही वर्तुळाकार चकत्या फिरवून मोडलेले चित्र जुळवण्याची आहेत. दृश्य ठरावीक कोनातून, बहुधा उंचावरून दिसते आणि खेळणाऱ्याला ते फिरवता येत नाही. त्यामुळे वास्तूंची भव्यता नजरेत भरते, परंतु उडीचे अंतर जोखणे काही ठिकाणी अवघड जाते.

कलाशैली

'राजी'ची ओळख प्रामुख्याने तिच्या दृश्यकलेमुळे झाली. खेळातील पृष्ठभाग हाताने रंगवलेल्या चित्रांसारखे दिसतात. त्यांच्या रंगसंगतीवर हिमालयाच्या पायथ्याकडील राज्यांत बहरलेल्या पहाडी लघुचित्रशैलीचा प्रभाव आहे. किल्ले, जाळीदार खिडक्या, बावड्या आणि पाण्यातील महाल हे राजस्थानच्या मध्ययुगीन वास्तुकलेवरून घेतले आहेत. हिंदू पुराणांबरोबरच इंडोनेशियातील बाली बेटावरच्या परंपरेचे घटकही त्यात मिसळले आहेत. हे मिश्रण काहीसे विसंगत वाटू शकते, पण रामायण आणि महाभारत बालीतही शतकानुशतके सादर होत आले आहेत हे लक्षात घेतल्यास ते उपरे ठरत नाही.

कथेतील महत्त्वाचे प्रसंग छायाबाहुल्यांच्या पद्धतीने दाखवले आहेत. प्रकाशित पडद्यावर चामड्याच्या सपाट बाहुल्यांच्या सावल्या हलवून कथा सांगण्याची ही परंपरा आंध्र, कर्नाटक आणि केरळ येथे, तसेच इंडोनेशियात 'वायांग' या नावाने टिकून आहे. महाराष्ट्रात सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी येथील ठाकर समाजाने चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांसोबत चामड्याच्या छायाबाहुल्यांचा खेळही जपला आहे. तेथील कलावंत परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. 'राजी'तील बाहुल्या एका विशिष्ट प्रांताच्या परंपरेशी बांधलेल्या नाहीत. तरीही या कलाप्रकाराचे नावही न ऐकलेल्या परदेशी खेळाडूंपर्यंत तो या खेळामुळे पोहोचला. लहान स्टुडिओच्या दृष्टीने या पद्धतीचा आणखी एक लाभ असा, की त्रिमितीय चित्रपटासारखे खर्चिक प्रसंग तयार करावे लागत नाहीत.

खेळाचे संगीत ग्रीक संगीतकार लिनोस त्झेलोस यांचे असून त्यात भारतीय वाद्यांचा वापर आहे.

देवतांचे चित्रण

पूज्य देवतांना व्हिडिओ गेममध्ये आणणे हा नाजूक विषय आहे. 'हनुमान: बॉय वॉरियर' प्रसिद्ध झाला तेव्हा अमेरिकेतील हिंदू कार्यकर्ते राजन झेद यांनी, भक्तांच्या आराध्याला खेळाडूने हातातील यंत्राने हवे तसे नाचवणे अनुचित असल्याचा आक्षेप घेतला होता. 'स्माइट' या अमेरिकी खेळातील कालीच्या चित्रणावरही त्यांनी अशीच हरकत घेतली. 'राजी'च्या रचनेत हा प्रश्न उद्भवतच नाही, कारण खेळाडूच्या ताब्यात देव नसून एक मानवी मुलगी आहे. देव तिला शस्त्र देतात, तिच्याविषयी बोलतात, पण खेळणाऱ्याच्या आज्ञेने चालत नाहीत. पुराणकथांतही देवांचे वरदान लाभलेला मानव हाच अनेकदा कथेचा नायक असतो, त्यामुळे ही योजना परंपरेशी जुळणारी आहे. मरण्याची भीती असलेली नायिका खेळालाही उपकारक ठरते. अमर देवाच्या हाती त्रिशूळ दिल्यास खेळाडूला हरण्याचे भय उरत नाही.

प्रकाशन

'निन्टेन्डो स्विच' हा कन्सोल ३ मार्च २०१७ रोजी बाजारात आला. दूरचित्रवाणी संचाला जोडूनही आणि हातात धरूनही खेळता येणाऱ्या या यंत्रावर लहान स्टुडिओंच्या खेळांना मोठा ग्राहकवर्ग मिळाला. अशा खेळांसाठी निन्टेन्डो 'इंडी वर्ल्ड' हा कार्यक्रम प्रसारित करते. १८ ऑगस्ट २०२० च्या कार्यक्रमात 'राजी'ची घोषणा झाली आणि त्याच दिवशी खेळ स्विचवर विक्रीस उपलब्ध झाला. विंडोज, प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन यांवरील आवृत्त्या १५ ऑक्टोबर २०२० रोजी आल्या.

यातील विरोधाभास ठळक आहे. पुण्यात घडलेला, दुर्गा आणि विष्णू यांच्या तोंडून सांगितलेला हा खेळ सुरुवातीचे सुमारे दोन महिने अशा यंत्रापुरता मर्यादित होता, जे भारतात अधिकृतपणे विकलेच जात नव्हते. परदेशातून आणलेले किंवा खासगी आयातदारांकडून चढ्या भावाने घेतलेले स्विच ज्यांच्याकडे होते, तेच भारतीय तो खेळू शकले. कंपनीच्या बाजूने पाहता हा निर्णय समजण्यासारखा आहे. अपरिचित स्टुडिओच्या पहिल्या खेळाला निन्टेन्डोच्या व्यासपीठावरून जगभर मिळालेली प्रसिद्धी स्वतःच्या खर्चाने मिळणे अशक्य होते.

योगायोगाने भारतात या विषयाची चर्चा त्याच सुमारास सुरू झाली. ३० ऑगस्ट २०२० रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी 'मन की बात'मध्ये भारतीय संकल्पनांवरील संगणकीय खेळ देशातच तयार व्हावेत असे आवाहन केले. २ सप्टेंबर रोजी केंद्र सरकारने 'पब्जी मोबाइल'सह ११८ ॲपवर बंदी घातली.

प्रतिसाद

समीक्षकांचा प्रतिसाद संमिश्र, पण एकंदरीत अनुकूल होता. दृश्यकला, संगीत आणि पाश्चात्त्य खेळांत न आढळणारे कथाविश्व यांची जवळजवळ सर्वांनी प्रशंसा केली. लढाईतील तोचतोपणा, स्थिर दृश्यकोन, चार ते सहा तासांत आटोपणारी लांबी आणि अचानक येणारा शेवट यांवर टीका झाली. शेवटाविषयीची तक्रार रास्त आहे. कथा उत्कर्षबिंदूला पोहोचते आणि उलगडा न होताच थांबते. मर्यादित निधीत पूर्ण केलेल्या कामाची खूण येथे स्पष्ट दिसते.

'द गेम अवॉर्ड्स २०२०' मध्ये उत्कृष्ट पदार्पणाच्या गटात 'कॅरियन', 'मॉर्टल शेल', 'रोकी' आणि 'फॅस्मोफोबिया' यांच्याबरोबर 'राजी'ला नामांकन मिळाले. पुरस्कार 'फॅस्मोफोबिया'ला गेला.

नंतरचा काळ

२०२२ मध्ये 'राजी'ची सुधारित आवृत्ती प्रसिद्ध झाली. मूळ खेळातील संवाद इंग्रजीत होते. या आवृत्तीत हिंदी संवादांची भर पडली आणि लढाईतील काही त्रुटी दूर करण्यात आल्या. कथेच्या पुढील भागाची, 'राजी: कलियुग' या खेळाची घोषणा २०२५ मध्ये झाली.

दरम्यान पुण्यातील खेळनिर्मिती अन्य दिशांनीही विस्तारली. 'सुपरगेमिंग' या पुण्याच्याच कंपनीने जपानच्या बंदाई नामको कंपनीच्या 'पॅक-मॅन'च्या अधिकृत मोबाइल खेळाचे काम हाती घेतले. भारतीय रूपविश्वावर आधारलेला तिचा 'इंडस' हा बॅटल रॉयल प्रकारातील खेळ ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. सोनीने २०२३ मध्ये भारतातील लहान स्टुडिओंना प्लेस्टेशनसाठी खेळ तयार करण्यास साहाय्य करणारा 'इंडिया हिरो प्रोजेक्ट' जाहीर केला. निधी, प्रशिक्षण आणि प्रकाशनाची सोय हे या योजनेचे घटक आहेत.