फॉरमॅट मारलं, की झालं?

नागपूरच्या इतवारीत सराफा असो की किराणा, काउंटरमागे संगणक असतोच. 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10चे मोफत नियमित अपडेट थांबले आणि विंडोज 11ला साधारण 2017नंतरचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे धडधाकट मशीनही एका दिवसात ‘जुनी’ ठरली. तिच्यात लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाकून शाळेत लॅब उभी करायला हौशी पोरं तयार असतात. अडतं ते गैरसमजांपाशी.

पहिला गैरसमज जुनी मशीन शाळेला देणाऱ्याचा. ‘घेऊन जा ना भाऊ, फॉरमॅट मारून देतो.’ क्विक फॉरमॅटने फक्त फाइलींची यादी पुसली जाते. उधारीची खाती, गिऱ्हाइकांचे पॅन क्रमांक डिस्कवर तसेच राहतात, आणि फुकट मिळणारं सॉफ्टवेअर ते परत काढून देतं. हार्ड डिस्क खरोखर पुसायची तर तिच्यावर पहिल्यापासून शेवटपर्यंत नवं काहीतरी लिहावं लागतं. 500 जीबीला दोनेक तास सहज जातात. एसएसडीत तर त्याचीही पक्की खात्री नाही. म्हणून डिस्क काढून स्वतःकडे ठेवावी आणि मशीन द्यावी, हे उत्तम.

मग डिस्कविना ती चालणार कशी? यावर 1999पासून तोडगा आहे: लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रोजेक्ट, म्हणजे एलटीएसपी. खोलीत एकच दमदार मशीन सर्व्हर होते, बाकीच्या नेटवर्कच्या केबलमधून तिच्याकडूनच सुरू होतात. नवं सॉफ्टवेअर एकाच ठिकाणी टाकायचं. खोट एवढीच, की सर्व्हर बसला की अख्खी लॅब बसते. स्विच आणि केबलवर कंजुषी करू नये. वाय-फायच्या भरवशावर हा कारभार चालत नाही.

दुसरा गैरसमज: ‘एवढ्याशा रॅमवर पोरं काय शिकणार?’ रायगडच्या कर्जत तालुक्यातल्या खैराटच्या शाळेत 2007मध्ये ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या प्रकल्पाचे लॅपटॉप आले. त्यांत रॅम 256 एमबी आणि प्रोसेसर 433 मेगाहर्ट्झचा होता, आत लिनक्स. आज भंगारात निघणारी मशीन याहून कितीतरी ताकदीची असते.

तिसरा: ‘नोकरीत विंडोजच लागतं.’ एमएस-सीआयटी हा संगणकाचा कोर्स विंडोजवरच शिकवतात, हे खरं. पण केरळात सरकारी शाळांची दहावीची आयटी प्रात्यक्षिक परीक्षाच लिनक्सवर होते. मराठी टायपिंगचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड दोन्हीकडे सारखाच, आणि आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये लिनक्सचे धडे मराठीतूनही आहेत.

सगळ्यात महागात पडणारा समज शेवटचा: एकदा बसवून दिलं, की काम संपलं. विदर्भात शाळा जूनअखेरीस उघडतात. तोवर 45 अंशांच्या उन्हाळ्यात लॅब बंद, मशीन प्लगवेगळी, पंख्यात धुळीचा थर. मदरबोर्डवरचा सीआर2032 हा नाण्याएवढा सेल जुना असला, की या काळात उतरतो आणि घड्याळ भलत्याच वर्षात जातं. मग ब्राउझरला प्रत्येक साइटचं सुरक्षा-प्रमाणपत्र चुकीचं वाटतं, एकही पान उघडत नाही. सर म्हणतात, इंटरनेट गेलं. कुणी म्हणतं, लिनक्सच भिकार. खरं तर वीस-तीस रुपयांचा सेल बदलून तारीख लावायची असते. मशीन सुरूच होईना आणि नुसती बीप-बीप करू लागली, तर आधी रॅमची पट्टी काढून तिची सोनेरी कड खोडरबराने पुसून पाहायची. ही दोन कामं शाळेतल्याच एखाद्या शिक्षकाला किंवा नववीच्या पोरांना शिकवल्याशिवाय लॅबची किल्ली शाळेच्या हाती देऊ नये.