कोलंबसच्या मैदानावर मिशिगन

मिशिगन आणि ओहायो स्टेट या विद्यापीठांमधला अमेरिकन फुटबॉलचा पहिला सामना 1897 मध्ये अ‍ॅन आर्बरला झाला. मिशिगनने तो 34-0 असा जिंकला. 1918 पासून, करोनामुळे रद्द झालेला 2020 चा सामना सोडला, तर हे दोन संघ दरवर्षी भिडत आले आहेत. वैराची पाळेमुळे मात्र खेळाच्याही आधीची आहेत. टोलेडो शहर कोणाचे, यावरून 1835 मध्ये मिशिगन आणि ओहायो यांनी एकमेकांविरुद्ध सशस्त्र माणसे उभी केली होती. सीमावाद किती चिवट असतो, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको.

सध्याच्या क्रमाप्रमाणे सम वर्षी सामना ओहायोतल्या कोलंबसला होतो आणि मिशिगनचा संघ तिथे पाहुणा असतो. तिथले ओहायो स्टेडियम 1922 मध्ये उभे राहिले. त्याच्या समर्पणाच्या सामन्यात मिशिगनने यजमानांना 19-0 असे हरवले. आज तिथे एक लाखाहून अधिक प्रेक्षक बसतात आणि त्यांच्या गोंगाटात पाहुण्या संघाच्या क्वार्टरबॅकला, म्हणजे चाल रचणाऱ्या खेळाडूला, आपल्याच सहकाऱ्यांपर्यंत आवाज पोचवणे अवघड जाते.

इथला सर्वांत विलक्षण सामना 1950 चा. हिमवादळात मैदानावरच्या रेषाही दिसेनाशा झाल्या. चार प्रयत्नांत दहा यार्ड सरकले की नव्याने चार प्रयत्न मिळतात, हा या खेळाचा मूळ नियम. पण मिशिगनला ते दहा यार्ड सामनाभरात एकदाही जमले नाहीत. तरीही तो 9-3 असा जिंकला. चेंडू हातात ठेवून घसरण्यापेक्षा तो लाथेने दूर पाठवावा आणि चूक समोरच्याला करू द्यावी, हा हिशेब त्यामागे होता. अशी लाथ, म्हणजे पंट, मिशिगनने 24 वेळा मारली. त्याचे सगळे गुण प्रतिस्पर्ध्याचे पंट अडवून आले. त्यानंतर ओहायो स्टेटचे प्रशिक्षक वेस फेस्लर यांनी पद सोडले आणि 1951 मध्ये वुडी हेज आले.

1969 ते 1978 या दहा वर्षांत हेज यांच्यासमोर मिशिगनचे बो शेम्बेकलर उभे होते. कोलंबसचे सामने मध्यंतरानंतर ठरतात, हे याच काळात दिसू लागले. 1974 मध्ये मिशिगन मध्यंतराला 10-9 असा पुढे होता. उत्तरार्धात त्याला एकही गुण मिळाला नाही, अखेरचा 33 यार्डांचा फील्ड गोल (चेंडू लाथेने गोलखांबांमधून मारणे) हुकला आणि टचडाउन (चेंडू गोलरेषेपलीकडे नेणे) न करता, केवळ चार फील्ड गोलांवर ओहायो स्टेट 12-10 असा जिंकला. 1976 मध्ये मध्यंतराला फलक कोरा होता. नंतर मिशिगनने चेंडू घेऊन धावतच सामना 22-0 असा खेचून नेला.

2000 चा विजय (38-26) मिळाल्यावर मात्र कोलंबस मिशिगनला जवळपास बंदच झाले. 2002 ते 2018 या काळातल्या तिथल्या नऊही सामन्यांत तो हरला. यांपैकी 2010 चा विजय ओहायो स्टेटला पुढे नियमभंगामुळे कागदोपत्री सोडावा लागला, पण मैदानावरचा 37-7 हा निकाल कोणी विसरलेले नाही. 2006 मध्ये देशातले पहिले आणि दुसरे मानांकित संघ भिडले, तेही शेम्बेकलर यांच्या निधनाच्या दुसऱ्याच दिवशी. ओहायो स्टेटने तीनदा चेंडू गमावला, मिशिगनने एकदाही नाही, तरी यजमान 42-39 असे जिंकले. त्यांच्या 52 आणि 56 यार्डांच्या दोन धावांनी तो फरक भरून काढला. 2012 मध्ये मिशिगन मध्यंतराला 21-20 असा पुढे होता. उत्तरार्धात त्याची पाटी पुन्हा कोरी राहिली. 2016 मध्ये तिसऱ्या सत्रात 17-7 ची आघाडी होती. ती टिकली नाही आणि दुसऱ्या जादा डावात सामना हातचा गेला.

2022 मध्ये चित्र उलटले. मध्यंतराला 20-17 असा मागे असलेला मिशिगन उत्तरार्धात 28-3 असा सरस ठरला. डोनोव्हन एडवर्ड्सने अखेरच्या टप्प्यात 75 आणि 85 यार्डांच्या दोन धावा काढल्या. 2024 चा विजय त्याहून अनपेक्षित. मानांकनाबाहेरच्या मिशिगनला पासवर फक्त 62 यार्ड मिळाले, पण मध्यंतराच्या 10-10 नंतर त्याने यजमानांना एकही गुण दिला नाही. शेवटच्या मिनिटातल्या फील्ड गोलने 13-10 असा निकाल लागला. सामना संपल्यावर झेंडा रोवण्यावरून मैदानावर हाणामारी झाली. हाच ओहायो स्टेट दोन महिन्यांत राष्ट्रीय विजेता झाला, हेही नोंदवायला हवे.

2025 मध्ये अ‍ॅन आर्बरला ओहायो स्टेटने 27-9 अशी परतफेड केली. 2026 मध्ये पाळी पुन्हा कोलंबसची आहे आणि आजवरचा अनुभव पाहता पाहुण्यांनी मध्यंतराच्या गुणफलकावर फारसा भरवसा ठेवू नये.