थेंबाचा मणी करणारे जेल

चिपवरच्या केसाएवढ्या बारीक वाहिनीत पाणी आणि तेल भेटले, की पाण्याचे एकसारखे थेंब तुटत जातात. १०० मायक्रॉन व्यासाच्या थेंबात जेमतेम अर्धा नॅनोलीटर द्रव मावतो. म्हणजे एका मिलिलीटरमधून सुमारे १९ लाख स्वतंत्र परीक्षानळ्या! पण तेल काढले की थेंब एकमेकांत मिसळतात. इथे हायड्रोजेल, म्हणजे पाणी धरून ठेवणारी रेणूंची जाळी, कामाला येते.

अ‍ॅगारोज हे असेच एक जेल; ते गरम, पातळ असतानाच थेंबात भरतात. आत डीएनएच्या प्रती वाढवून ते थंड केले, की थेंबाचा मऊ मणी होतो. मग तेल धुऊन टाकले तरी लांब डीएनए जाळीत अडकून राहतो, लहान रेणू मात्र आरपार जातात. अल्जिनेट तर कॅल्शियम मिळताच गोठते. २०१५ मध्ये हार्वर्डच्या ‘इनड्रॉप’ पद्धतीने हायड्रोजेल मण्यांवर ओळखखुणा जोडून हजारो पेशींतील जनुकांचे काम एकेक पेशीनिहाय वाचले.

खानदेशाला या तंत्राचे मोल आहे. सातपुड्यालगतच्या भिल्ल-पावरा वस्त्यांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. त्याच्या निदानाला चिप लागत नाही; सोल्युबिलिटी आणि एचपीएलसी चाचण्या पुरतात आणि त्या पाड्यापाड्यांत पोहोचणे हेच पहिले काम. मात्र त्यावरच्या हायड्रॉक्सियुरिया या औषधाने काही रुग्णांत फीटल (गर्भावस्थेतले) हिमोग्लोबिन भरपूर वाढते, काहींत थोडेच. हा फरक पेशीगणिक तपासायला जेलचे मणी उपयोगी पडू शकतात.