जट : देवीचा कौल नव्हे, केसांचा गुंता
तळोजा : औद्योगिक वसाहतीतील धूळ, घाम आणि नियमित न विंचरलेले केस यांतून गुंता होतो. तो वेळीच सोडवला नाही, तर गळलेले केसही त्यात अडकून जट तयार होते. कापल्यास देवीचा कोप होईल, या भीतीने अनेक स्त्रिया वर्षानुवर्षे हा भार वाहतात. मानदुखी, उवा, टाळूचा संसर्ग हे त्याचे परिणाम.

सुरुवातीलाच खोबरेल तेल लावून बोटांनी बटा मोकळ्या कराव्यात, टोकांकडून मुळांकडे विंचरावे, केस धुऊन पूर्ण वाळवावेत. घट्ट झालेली जट मात्र बहुधा कापावीच लागते. त्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ मध्ये स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते कुटुंबाची समजूत घालून साह्य करतात.