परदेशस्थ शिखांचा न्यायासाठी लढा

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात सरे नावाचे शहर आहे. तेथील गुरु नानक शीख गुरुद्वाराच्या वाहनतळावर १८ जून २०२३ रोजी, रविवारच्या सायंकाळी, गुरुद्वाराचे अध्यक्ष हरदीपसिंग निज्जर ह्यांची गोळ्या झाडून हत्या करण्यात आली. खलिस्तानच्या मागणीसाठी जनमत आजमावण्याच्या मोहिमेत ते पुढे होते, आणि भारत सरकारने २०२० साली त्यांस दहशतवादी घोषित केले होते. हत्येनंतर तीन महिन्यांनी, १८ सप्टेंबर रोजी, कॅनडाचे तत्कालीन पंतप्रधान जस्टिन ट्रुडो ह्यांनी संसदेत सांगितले की, ह्या हत्येशी भारत सरकारच्या हस्तकांचा संबंध असल्याच्या विश्वासार्ह आरोपांचा तपास चालू आहे. भारताने हा आरोप निरर्थक म्हणून फेटाळला.

तेव्हापासून आपल्याकडील बातम्यांत परदेशस्थ शिखांचा उल्लेख आला की ‘खलिस्तान’ हा शब्द त्याला चिकटूनच येतो. कॅनडात २०२१ च्या जनगणनेनुसार ७ लाख ७१ हजारांहून अधिक शीख राहतात. ते सारे एका विचाराचे असतील, असे मानणे म्हणजे वसईचे सारे लोक एकाच पक्षाला मत देतात असे मानण्यासारखे आहे. त्यांच्या चळवळीत वेगळ्या राज्याची मागणी करणारे आहेत, तसेच त्या मागणीशी काही देणेघेणे नसलेले, केवळ मेलेल्यांची नावे आणि मारणाऱ्यांवर खटले मागणारेही आहेत. ह्या दुसऱ्या प्रवाहाविषयी आपल्याकडे फारच थोडे लिहिले गेले आहे.

ह्या प्रवाहाचे मूळ कॅनडात नव्हे, पंजाबात आहे. जून १९८४ मध्ये सुवर्णमंदिरात लष्करी कारवाई झाली; ऑक्टोबरच्या अखेरीस इंदिरा गांधींची हत्या झाली आणि पुढील दिवसांत एकट्या दिल्लीत, शासकीय आकड्यांनुसार, २,७३३ शीख मारले गेले. त्यानंतरच्या दशकात पंजाबात अतिरेक्यांनी बसमधून उतरवून निरपराध प्रवाशांना ठार केले, आणि पोलिसांनी उचलून नेलेले असंख्य तरुण घरी परतले नाहीत. आपला मुलगा जिवंत आहे की नाही, हे सांगणारा कोणी अधिकारी आईबापांस भेटत नव्हता.

अमृतसरचे जसवंतसिंग खालरा हे पेशाने वकील नव्हते, पत्रकारही नव्हते. ते एका बँकेचे संचालक होते आणि अकाली दलाच्या मानवी हक्क शाखेचे काम पाहत. बेपत्ता झालेल्यांचा शोध घेताना ते स्मशानभूमींपर्यंत पोहोचले. पोलीस ‘बेवारस’ म्हणून प्रेते आणीत आणि त्यांच्या दहनासाठी लागणाऱ्या लाकडाचा हिशोब नोंदवहीत ठेवला जाई. मृतांचा हिशोब कोणी ठेवला नव्हता, सरपणाचा मात्र ठेवला होता! अमृतसर, तरणतारण आणि पट्टी येथील ह्या नोंदी खालरा ह्यांनी १९९५ च्या जानेवारीत लोकांपुढे मांडल्या. त्याच वर्षी ते कॅनडास गेले व तेथील शीख समाजापुढे आणि लोकप्रतिनिधींपुढे हे पुरावे ठेवले. जिवाला धोका आहे, तेथेच राहावे, असा आग्रह काहींनी धरला. परंतु ते परतले. ६ सप्टेंबर १९९५ रोजी अमृतसरमधील राहत्या घरासमोर मोटार धूत असताना त्यांस पळवून नेण्यात आले. नंतर त्यांची हत्या झाली आणि त्यांचा देह कधीच मिळाला नाही.

पत्नी परमजीत कौर सर्वोच्च न्यायालयात गेल्या. न्यायालयाच्या आदेशाने सीबीआयने तपास केला आणि १९९६ च्या डिसेंबरात आपला अहवाल दिला. त्या तीन स्मशानभूमींत २,०९७ प्रेतांचे बेकायदा दहन झाले होते. त्यांपैकी ५८५ जणांची ओळख पूर्णपणे पटली, २७४ जणांची अंशतः आणि १,२३८ जणांची मुळीच नाही. खालरा ह्यांच्या अपहरण व हत्येबद्दल २००५ साली सहा पोलिसांना दोषी ठरविण्यात आले. २००७ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांतील चौघांची शिक्षा वाढवून जन्मठेप केली आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २,०९७ पैकी १,५१३ मृतांच्या वारसांना एकूण २७ कोटी ९४ लाख रुपये भरपाई देण्याची शिफारस केली. तथापि, आयोगाने आपली चौकशी ह्या तीन स्मशानभूमींपुरतीच ठेवली आणि कोणा अधिकाऱ्यावर ठपका न ठेवताच रकमा ठरवल्या. भरपाई मिळाली, पण माझ्या मुलाला कोणी मारले ते कळले नाही, ही ह्या कुटुंबांची तक्रार आम्हांस अगदी रास्त वाटते.

परदेशस्थ शिखांचे काम ह्याच ठिकाणी सुरू होते. २००४ साली अमेरिकेत ‘एन्साफ’ ही संस्था स्थापन झाली. तिने पंजाबात गावोगावी फिरून बेपत्ता व मारल्या गेलेल्यांच्या घरच्यांचे जबाब नोंदवले. अशी पाच हजारांहून अधिक प्रकरणे तिने संकलित केली आहेत. २००७ साली ह्यूमन राइट्स वॉचसमवेत तिने काढलेल्या अहवालाचा विषय दोषी अधिकाऱ्यांना मिळणारे संरक्षण हाच होता. त्याच सुमारास परदेशी वाढलेली शीख मुलेमुली कायदा व संख्याशास्त्र शिकून ह्या कामात उतरली. कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो शहराने २०१७ साली एका उद्यानास खालरा ह्यांचे नाव दिले. आपल्याकडे मात्र त्यांच्या जीवनावरील हिंदी चित्रपट परिनिरीक्षण मंडळाच्या कात्रीत अडकला आणि २०२३ साली टोरांटोच्या महोत्सवातूनही काढून घेण्यात आला.

आता ‘सीमापार दडपशाही’ ह्या शब्दप्रयोगाकडे वळू. देश सोडून गेलेल्या टीकाकाराला परक्या भूमीवर गाठून गप्प करण्याचा एखाद्या शासनाचा प्रयत्न, असा त्याचा अर्थ. हे आजचे नाही. १९७६ साली चिलीचे माजी मंत्री ओर्लांदो लेतेलिए वॉशिंग्टनमध्ये मोटारीतील बॉम्बने मारले गेले. २०१८ साली सौदी पत्रकार जमाल खाशोगी ह्यांचा इस्तंबूलमधील सौदी वकिलातीतच खून झाला. परंतु बहुतेक वेळा गोष्ट खुनापर्यंत जात नाही. व्हिसा नाकारला जातो, पाळत ठेवली जाते, निनावी धमक्या येतात, गावी राहिलेल्या वृद्ध आईवडिलांच्या दारी पोलीस चौकशीला येतात.

निज्जर प्रकरणी मे २०२४ मध्ये कॅनडाच्या पोलिसांनी चार भारतीय नागरिकांना अटक केली. त्याच वर्षी ऑक्टोबरात दोन्ही देशांनी एकमेकांचे सहा-सहा मुत्सद्दी परत पाठवले. अमेरिकेतील प्रकरण ह्याहून विलक्षण आहे. न्यूयॉर्कचे वकील गुरपतवंतसिंग पन्नू ह्यांच्या हत्येची सुपारी एका लाख डॉलर्सना देण्यात आली, परंतु जो ‘मारेकरी’ ठरवला तो वेषांतर केलेला सरकारी माणूस निघाला, असे नोव्हेंबर २०२३ च्या आरोपपत्रात म्हटले आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये एका माजी भारतीय गुप्तचर अधिकाऱ्यावरही आरोप ठेवण्यात आले. असे करणे आपल्या धोरणात बसत नाही, असे भारताने सांगितले आणि चौकशी समिती नेमली. जानेवारी २०२५ मध्ये त्या समितीने एका व्यक्तीविरुद्ध कायदेशीर कारवाईची शिफारस केली.

येथे दुसरी बाजू सांगितलीच पाहिजे. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचे ‘कनिष्क’ विमान आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ बॉम्बस्फोटाने समुद्रात कोसळले आणि ३२९ जण मृत्युमुखी पडले. तो कट कॅनडातील खलिस्तानवाद्यांचा होता. त्या खटल्यात साक्ष देऊ शकणारे शीख संपादक तारासिंग हेयर ह्यांस १९९८ साली गोळ्या घालून ठार करण्यात आले. अशा रीतीने शिखांचा आवाज शिखांनीही दाबला आहे. हे सारे ठाऊक असताना पन्नू ह्यांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘एअर इंडियाने प्रवास करू नका, जिवाला धोका आहे’ अशी चित्रफीत काढावी, ह्याची आम्हांस चीड येते. परंतु अशा माणसालाही न्यायालयात खेचण्याचाच मार्ग आहे. जो आक्षेप आपण बंदूकधारी अतिरेक्यावर घेतो, तोच सुपारी देणाऱ्यालाही लागू पडतो.

ह्या संस्था मागत काय आहेत? धमकी आल्यास पोलिसांनी वेळीच सावध करावे, तक्रार समजून घेण्यासाठी पोलिसांस प्रशिक्षण द्यावे, आणि व्यापाराच्या बोलण्यांत खुनाचा तपास बाजूला पडू नये. कॅनडाने जून २०२४ मध्ये परकीय हस्तक्षेपाविरुद्ध कायदा केला. जून २०२५ मध्ये कॅननॅस्किस येथे जी-७ राष्ट्रांच्या नेत्यांनी सीमापार दडपशाहीचा निषेध करणारे निवेदन काढले. त्याच परिषदेच्या वेळी भारत व कॅनडा ह्यांनी एकमेकांच्या राजधानीत पुन्हा उच्चायुक्त नेमण्याचे ठरवले. भारताच्या पंतप्रधानांस दिलेल्या निमंत्रणाविरुद्ध कॅनडातील शीख संघटनांनी आधीच निदर्शने केली होती. स्कॉटलंडचे जगतारसिंग जोहल लग्नासाठी पंजाबात आले असता नोव्हेंबर २०१७ मध्ये पकडले गेले. कोठडीत छळ झाल्याचा त्यांचा आरोप शासनाने नाकारला आहे. मार्च २०२५ मध्ये मोगा येथील न्यायालयाने एका खटल्यातून त्यांची निर्दोष मुक्तता केली, आणि इतर खटल्यांसाठी त्यांस तुरुंगातच ठेवण्यात आले.